परसबागेची वही

निवासी शाळेच्या परसबागेचे मोल आपण बहुधा भोजनगृहात किती भाजी आली, यावरून ठरवतो. विद्यार्थ्यांनी स्वतः पिकवलेला पालक ताटात यावा, यात आनंद आहेच. परंतु पालक बाजारातही मिळतो. बाजारात न मिळणारी गोष्ट म्हणजे गेल्या हंगामाचा अनुभव. आणि नेमका तोच आपण जतन करत नाही, असे माझे मत आहे.

याचे कारण शाळेच्या रचनेतच आहे. दर उन्हाळ्यात एक तुकडी निरोप घेते आणि जूनमध्ये नवी मुले तेच वाफे हाती घेतात. शेतकऱ्याच्या घरी वडीलधाऱ्यांची आठवण हीच नोंदवही असते. वसतिगृहात ती सोय नाही. मग जेथे गेल्या वर्षी वांगी होती, तेथेच यंदा टोमॅटो किंवा मिरची लागते. ही तिन्ही एकाच कुळातील पिके असल्याने त्यांचे कित्येक रोग सामाईक असतात. जमिनीत उरलेला रोग नव्या रोपांना गाठतो आणि मुलांना वाटते, आपल्या हाताला यश नाही. वही असती, तर तेथे चवळी किंवा घेवडा लावला गेला असता.

नोंद करताना 'रोग पडला' एवढ्याने भागत नाही. गादीवाफ्यावरील रोपे बुडाशी कुजून कोलमडली, तर बी दाट पडले होते का, पाणी अधिक झाले होते का, हे विचारावे लागते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, तर तो पांढरी माशी पसरवीत असलेला विषाणू आहे. खत वाढवून तो हटत नाही, रोगट झाड वेळीच उपटावे लागते. दुधीची पहिली फुले फळ न धरता गळाली, तर ते अपयशच नव्हे. वेलीवर नर फुले आधी येतात, मादी फुले मागाहून.

यशाचीही अशीच तपासणी हवी. मेथी उत्तम आली, ती मेहनतीमुळे की थंडीमुळे? वांगी तजेलदार राहिली, ती पालापाचोळ्याच्या आच्छादनामुळे का? शेजारचा एक वाफा आच्छादनाविना ठेवला, तरच याचे उत्तर मिळते.

दहावीच्या वर्षात या नोंदींना वेळ कोठून आणायचा, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या अनेक विद्यार्थ्यांची घरे शेतीवर वा शेतमजुरीवर चालतात. तेथे पीक बुडाले की वर्ष बुडते, कर्ज वाढते. शाळेच्या वाफ्यात बुडते ते मूठभर बी. अपयशाकडे निर्भयपणे पाहून त्याचे कारण शोधण्याची इतकी स्वस्त संधी त्यांना पुन्हा क्वचितच लाभेल. म्हणूनच पाहुणे येण्यापूर्वी वाळलेली रोपे घाईने उपटून वाफे सजवण्याची प्रथा मला मान्य नाही. रोपाबरोबर धडाही उपटला जातो.

व्यवस्थापनाने परसबागेसाठी एक जाड वही ठेवावी. वाफा, पीक, पेरणीची तारीख, काय साधले, काय फसले आणि का, एवढेच रकाने पुरेत. शेती करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मे महिन्यात येऊन ती वाचावी आणि समासात आपले मत लिहावे. जूनमध्ये येणाऱ्या मुलांच्या हाती बियाण्याबरोबर ही वहीही पडली पाहिजे.