वहीत न मांडलेली नोंद

नवी मुंबईची मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि पनवेल तालुक्यातील बेलपाडा या जुन्या गावाचे नाव स्थानकाच्या पाटीवर आले. खारघरच्या इमारती उठण्यापूर्वीपासूनचे हे गाव. याच खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राची 'अ‍ॅक्ट्रेक' ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ चे. पुढे १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने परळलाच स्थापन झालेले संशोधन केंद्र २००२ मध्ये खारघरला आले. कर्करोग घराण्यातून पुढे जातो का, या प्रश्नावर तेथे वर्षानुवर्षे काम चालू आहे. त्या कामाचा व्यापारी घराण्यांशी संबंध फार जवळचा आहे, आणि तो मोठ्या आतड्याच्या विरळ कर्करोगांत सर्वांत स्पष्ट दिसतो.

हा आजार मांसाहार करणाऱ्यांचा, असा एक समज शाकाहारी घरांत दृढ आहे. प्रक्रिया केलेल्या व लाल मांसाने धोका वाढतो हे खरे. तेवढा एक धोका शाकाहाराने टळतो. पण दिवसभर गादीवर बैठक, वाढलेले पोट आणि जन्मतः मिळालेला जनुकीय दोष यांपुढे ताटातील पथ्य अपुरे पडते. या समजामुळे लक्षणांकडे दुर्लक्ष होते. शौचातून रक्त पडले की मूळव्याध ठरवून चूर्ण सुरू होते. पर्युषणानंतर अशक्तपणा व वजनातील घट दिसली की ती उपवासांची म्हणून सोडून दिली जाते. उपवास सुटून महिना लोटला तरी वजन परतत नसेल, हिमोग्लोबिन कमीच असेल, किंवा शौचाची सवय बदललेली असेल, तर कोलोनोस्कोपी करून घ्यावी. वय तिशीचे असले तरीही.

वयाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. टाटा रुग्णालयात ऑगस्ट २०१३ ते जुलै २०१४ या वर्षात उपचारासाठी आलेल्या मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या ८०० रुग्णांचा आढावा तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. रुग्णांचे सरासरी वय सुमारे ४७ निघाले. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीनंतर आढळतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. तिकडे शंभरात एखाद्याला होणारा 'सिग्नेट रिंग' प्रकार या रुग्णांत सुमारे १३ टक्के होता.

सिग्नेट रिंग म्हणजे शिक्क्याची अंगठी. या गाठीतील पेशीत चिकट द्रव साठतो, केंद्रक एका कडेला ढकलले जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. नेहमीचा कर्करोग बहुतेक वेळा कोंबासारख्या पॉलिपातून वाढतो व दुर्बिणीला दिसतो. हा मात्र आतड्याच्या भिंतीत आतल्या आत पसरतो. भिंत कडक होते, मार्ग अरुंद होतो, आणि वरवर घेतलेल्या तुकड्यात कधीकधी काहीच सापडत नाही. पेट स्कॅनवरही तो अनेकदा फिका दिसतो. म्हणून लक्षणे कायम असताना 'बायोप्सी निर्दोष' एवढ्यावर समाधान मानू नये. खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यावा लागतो.

प्रकार नेमका ओळखणे का महत्त्वाचे, हे उपचारांवरून कळते. मोठ्या आतड्यात क्वचित लिम्फोमा होतो. त्याचा मुख्य उपचार औषधांचा असतो. चेतासंस्था व संप्रेरके यांच्याशी नाते असलेल्या न्यूरोएंडोक्राइन गाठीही होतात. त्यांतील काही वर्षानुवर्षे संथ राहतात, तर काही इतक्या वेगवान असतात की त्यांना फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगाची औषधे द्यावी लागतात. कागदावर सर्वांचे नाव 'आतड्याचा कॅन्सर' हेच. सौदा करताना मालाची प्रत दोनदा तपासणारे घर येथे मात्र एका अहवालावर शस्त्रक्रियेची तारीख ठरवून टाकते, हे आश्चर्यच आहे. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे 'ब्लॉक'मध्ये, जपलेला असतो. तो ब्लॉक व स्लाइड मागून घेऊन मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेता येतात. सांगली-सोलापूरच्या घरांनाही हे अवघड नाही.

सिग्नेट रिंग कर्करोग पोटातील आवरणावर पसरला, की शस्त्रक्रियेने दिसतील तेवढ्या गाठी काढून पोटात गरम औषध फिरवण्याचा उपचार सुचवला जातो. खर्च लाखांत जातो. फ्रान्समधील २६५ रुग्णांच्या एका चाचणीत, आतड्याचा कर्करोग पोटात पसरलेल्यांना शस्त्रक्रियेसोबत ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध गरम करून दिल्याने आयुष्य वाढले नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रुग्णांना जो लाभ झाला तो काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेचा व नेहमीच्या केमोथेरपीचा मानला जातो. दागिने मोडण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे अनुचित नाही.

आता घराण्याचा भाग. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथे एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, की तिच्या घरातील पुष्कळ माणसे पोटाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली आणि तीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची वंशावळ लिहून काढली व १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे डॉ. हेन्री लिंच यांनी हे काम वाढवले. आज या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ व पीएमएस२ या जनुकांपैकी एकात दोष असतो. तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, मग अपत्य मुलगा असो वा मुलगी. चिकट द्रवाच्या व सिग्नेट रिंग प्रकारच्या काही गाठींमागे हाच दोष असतो.

गाठीच्या त्याच ब्लॉकवर चार प्रथिनांची तपासणी केली, की या दोषाचा संशय कळतो. जनुक तपासणीच्या मानाने ती स्वस्त आहे आणि तरुण रुग्णांत ती टाळू नये. तिचा उपयोग उपचारालाही होतो. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयाने अशा दोषाचा गुदाशयाचा कर्करोग असलेल्या पहिल्या १२ रुग्णांना डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे औषध दिल्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाराही जणांची गाठ शस्त्रक्रियेविना नाहीशी झाली. दोष नसलेल्या गाठीवर असा परिणाम होत नाही, म्हणून वृत्तपत्रातील मथळ्यावरून औषध मागू नये.

व्यापारी घरात दोन पिढ्यांपूर्वीची उधारी सापडते. आजोबा कशाने गेले हे मात्र 'पोटाच्या विकाराने' एवढ्यावर थांबते. कारण उघड आहे : घरात मुलीचे वा मुलाचे स्थळ पाहणे चालू असते. लपवण्याची किंमत मात्र भावंडे मोजतात, आणि सासरी गेलेली मुलगी तर सर्वांत जास्त, कारण लिंच सिंड्रोममध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका असतो व त्याची पूर्वसूचना तिला कुणी दिलेली नसते. जनुक-समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांची नोंद न्यावी : कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. वडिलांकडची तशी आईकडचीही.

दोष आढळलेल्यांनी साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करावी, म्हणजे पॉलिप कर्करोग होण्यापूर्वीच काढता येतो. घराण्यातील दोष माहीत असून ज्या भावंडात तो निघत नाही, त्याचा धोका इतर सर्वसाधारण माणसांएवढाच राहतो. त्याला ही वारंवार तपासणी लागत नाही, आणि त्याच्या मुलांनाही त्याच्याकडून हा दोष मिळत नाही.