‘प्रेरणा’ नावाची पळवाट

भाईंदरजवळच्या डोंगरीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती आजीचे लुगडे आता बहुधा सणालग्नापुरते उरले आहे. उद्या एखादा स्वतंत्र डिझायनर त्यापासून ‘प्रेरणा’ घेऊन जॅकेट शिवील. जरूर शिवावे, वस्त्र वापरात राहिले तरच जगते. प्रश्न आहे तो ‘प्रेरणा’ या शब्दाचा. ती कबुली असते, की पळवाट?

जून २०२५मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी पायताणे आणली आणि कोल्हापुरीचे ऋण मान्य केले ते गदारोळ झाल्यावर. २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही त्याआड आले नाही. याउलट दिवंगत वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्यातली चौकड्यांची साडी मंचावर नेली ती ‘कुणबी’ हे नाव राखून. शिवाय २०१२मध्ये ‘मोडा गोवा’ या ग्रंथात गोव्याच्या वेशभूषेचा इतिहासही लिहिला.

लोकप्रिय सिनेमाने तर किनाऱ्यावरच्या साऱ्या लुगड्यांची सरसकट ‘कोळीण’ करून टाकली. नव्या डिझायनरने तोच कित्ता का गिरवावा? नेसणारीचे नाव, विणणाऱ्याचा मोबदला आणि नेसण्याची रीत, यांचा हिशेब न देणारी प्रेरणा आपण साहित्यात जिला वाङ्मयचौर्य म्हणतो, तिच्याहून वेगळी कशी?