‘अविज्ञात’ गर्भ आणि विज्ञात पातक

गर्भपाताचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडील धर्माभिमानी मंडळींचा पक्ष दोन वाक्यांत आटोपतो. भ्रूणहत्या हे महापातक होय असे शास्त्र सांगते, हे पहिले वाक्य. सबब १९७१ चा गर्भपाताचा कायदा हा अधर्माचा कायदा होय, हे दुसरे. यांपैकी पहिले वाक्य आम्हांस मान्य आहे. गर्भ ही वाटेल तेव्हा टाकून द्यावी अशी क्षुल्लक वस्तू आहे, असे आमच्या धर्माने कधी मानले नाही व आम्हीही मानीत नाही. आमचा वाद आहे तो या दोन वाक्यांच्या मध्ये जे गाळले जाते त्याविषयी. पातक खरे, परंतु ते कोणाच्या माथी? शास्त्र प्रमाण, परंतु ते समग्र, की सोयीचे तेवढेच?

प्रथम शास्त्र एकमुखी आहे हा भ्रम दूर केला पाहिजे. गर्भात जीव केव्हा येतो, या मूळ प्रश्नावरच आपल्या ग्रंथांत मतभेद आहे. चरकाच्या मते आत्म्याचा संयोग गर्भधारणेच्या वेळीच होतो. सुश्रुत म्हणतो की, चेतना व्यक्त होते ती चौथ्या महिन्यात. म्हणूनच त्या महिन्यापासून गर्भिणीस ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, हे नाव पडले, आणि आपल्या घराघरांतील डोहाळे त्याच शब्दातून आले. गर्भोपनिषद तर सातव्या महिन्यात जीवाचा योग सांगते. तिन्ही ग्रंथ आपलेच, तिन्ही आदरणीय. मग कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली, व २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांपुरती ती चोवीस आठवड्यांपर्यंत वाढविली, तर त्याने धर्मावर घाला घातला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? काळाच्या रेषा आपल्या पूर्वजांनीही ओढल्या होत्या. शिवाय मूढगर्भ काढण्याची शस्त्रक्रिया सांगताना स्त्रीचे रक्षण प्रयत्नपूर्वक करावे अशी आज्ञा सुश्रुतच वैद्यास करतो. आजच्या कायद्याचे पहिले कारण हेच आहे: गर्भिणीच्या जिवास असलेला धोका, किंवा तिच्या शरीरास अथवा मनास होणारी गंभीर इजा.

आता शास्त्राच्या सोयीच्या वाचनाकडे वळू. गर्भपाताचे पाप ब्रह्महत्येच्या दुप्पट आहे, त्याला प्रायश्चित्त नाही व अशा स्त्रीचा त्यागच करावा, असे पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे. हे वचन आमचे प्रतिपक्षी मोठ्या आवेशाने पुढे करतात. परंतु त्याच स्मृतीच्या त्याच अध्यायात, अवघ्या काही श्लोकांच्या अंतरावर, पती नाहीसा झाला, मेला अथवा संन्यासी झाला तर स्त्रीने दुसरा पती करावा अशी अनुज्ञा आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी हेच वचन १८५५ साली लोकांपुढे मांडले व १८५६ साली पुनर्विवाहाचा कायदा झाला. त्या वेळी या दुसऱ्या श्लोकाला अर्थाच्या वेलांट्या देऊन निकालात काढणारे कोण होते? पराशराचा त्यागाचा श्लोक ज्यांना मुखोद्गत होता, तेच! बालविधवेला पुनर्विवाह बंद, मायघरी मान बंद, केशवपन करून अंधाऱ्या खोलीत बसणे तेवढे मोकळे. आणि त्या खोलीत तिच्यावर घरातल्याच कोणा पुरुषाची वक्रदृष्टी झाली, तर पोटातील गर्भासह सारे पाप तिचे!

जोतिबा व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणासाठी. भ्रूणहत्येविरुद्ध व्याख्यान न देता त्यांनी दार उघडले: गुप्तपणे या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवा. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनी दत्तकही घेतले. पुढे १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. प्रथम फाशीची व मागाहून कमी केलेली शिक्षा तिला मिळाली, आणि वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर ताशेरे ओढले. त्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. दोष एकट्या बाईचाच कसा, हा त्यांचा प्रश्न होता. तो खटला गर्भपाताचा नव्हे, अर्भकहत्येचा होता हे खरे; तथापि दोहोंच्या मुळाशी लोकलाजेचे भय एकच, आणि ताराबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या धर्ममार्तंडांनी अद्यापि दिलेले नाही.

ते उत्तर महाभारतात सापडले असते. त्या ग्रंथातील सर्वांत भयंकर गर्भहत्येचा प्रयत्न कोणा स्त्रीने केलेला नाही. पांडवांचा वंश खुडण्यासाठी त्यांच्या स्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र टाकणारा अश्वत्थामा पुरुष होता, ब्राह्मण होता आणि गुरुपुत्रही होता. श्रीकृष्णाने शाप दिला तो त्याला, उत्तरेला नव्हे. गर्भावरचा घाव हा बहुधा वंशाच्या हिशेबातून पडतो, हे व्यासांस ठाऊक होते.

आणि हाच वंशाचा हिशेब आम्हांस आजच्या प्रश्नाच्या गाभ्याशी नेतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात ब्रह्महत्येचे प्रायश्चित्त गर्भहत्येलाही सांगितले आहे. परंतु तेथे गर्भास एक विशेषण आहे: ‘अविज्ञात’. कुल्लूकभट्टाने त्याचा अर्थ दिला आहे तो, स्त्री की पुरुष हे न कळलेला ब्राह्मणगर्भ, असा. या अर्थाचे मर्म वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. गर्भ अविज्ञात आहे, कदाचित तो पुत्र असेल, म्हणून पातक एवढे मोठे! मग तो कन्येचा आहे असे कळले तर? पुत्र येथे व्हावा व कन्या अन्यत्र व्हावी, अशी मागणी अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात आहे. पुत्रच व्हावा म्हणून करावयाचे पुंसवन हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक आहे. धर्माचा अभिमान आम्हांसही आहे. म्हणूनच हे विष धर्माच्या भांड्यात आहे हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

टीकाकारांच्या काळी हा भेद केवळ तर्काचा होता, कारण पोटातले पाहण्याची सोय नव्हती. सोनोग्राफीच्या यंत्राने ती सोय झाली, आणि जे शतकानुशतके अविज्ञात होते ते काही मिनिटांत विज्ञात झाले. पुढे काय झाले? गर्भलिंगचिकित्सेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, साऱ्या देशाच्या आधी केला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या आपल्या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ व २०११ साली ८९४ वर आली. या मुली सुरतेच्या विधवेसारख्या कोणा निराधार बाईने भयाने नाहीशा केल्या काय? नव्हे. यंत्राचे व वैद्याचे पैसे मोजू शकणाऱ्या घरांत, सासूसासऱ्यांच्या संमतीने, आणि पुष्कळदा सुनेच्या डोळ्यांतील पाण्याकडे पाठ फिरवून हे झाले. त्या घरांत देव्हारे आहेत, व्रतवैकल्ये आहेत. भ्रूणहत्येचा श्लोक तेवढा तेथे कोणी म्हणत नाही.

यावर उत्तर येते की, १९७१ चा कायदा आहे म्हणूनच हे फावते. तो रद्द करा. हा युक्तिवाद वरवर सरळ, पण आतून पोकळ आहे. त्या कायद्याने लिंग पाहून गर्भ पाडण्याची मुभा कोणासही कधी दिलेली नाही. त्यापूर्वी १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे, स्त्रीचा जीव वाचविण्याखेरीज गर्भपात हा गुन्हाच होता. त्याने गर्भपात थांबले नाहीत. ते चोरवाटेने, अडाणी हातांनी होऊ लागले व त्यांत बायका मेल्या. म्हणून १९६४ साली शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, व तिच्या १९६६ च्या अहवालावरून हा कायदा आला. तो दरवाजा उद्या बंद केला, तर मुलगा हवा असणारे धनिक घर दुसरी वाट शोधील. बंद होईल ती बलात्काराने गरोदर राहिलेल्या मुलीची वाट, आणि चौथ्या बाळंतपणात प्राण जाईल अशा बाईची.

तेव्हा धर्माच्या नावाने आम्ही इतकेच म्हणतो. प्रायश्चित्त हे ज्याचे त्याने आपल्या अंतःकरणाशी विचार करून घ्यावयाचे असते. शेजाऱ्याच्या सुनेवर ते लादण्याचा अधिकार कोणत्याही स्मृतीने आपणांस दिलेला नाही. नाइलाजाने गर्भपाताचा निर्णय घेणारी स्त्री त्याचे गांभीर्य आपल्यापेक्षा अधिक जाणते, कारण तो भार तिच्या देहावर असतो. ज्यांना भ्रूणहत्येचा खरोखर तिटकारा असेल त्यांच्यासाठी घरच्या घरी पुष्कळ काम पडले आहे. मुलगा झाला तर पेढे व मुलगी झाली तर बर्फी हा भेद त्यांनी आधी मोडावा. दुसरी मुलगी झालेल्या सुनेच्या खोलीत त्यांनी हसतमुखाने जावे. आणि पाया पडणाऱ्या नववधूला ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे की, त्या आशीर्वादात मुलीला जागा कोठे आहे. ज्या घरात ती जागा नाही, त्या घराने शास्त्राचे नाव घेऊन परक्या स्त्रीचा न्याय करू नये.