गंज काढा, पण लोखंड राखा

मंडळी, माझं मत आधीच सांगून टाकते. जुन्या गाडीच्या सुट्या भागांवरचा गंज घरी जरूर काढावा, पण चकाकीसाठी नव्हे. खाली लोखंड किती शिल्लक आहे ते कळावं, यासाठी काढावा.

विषय निघाला भाच्यामुळे. माझ्या भावाची प्रीमियर पद्मिनी आता त्याच्याकडे आहे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून त्याचा या गाडीवर आणखीच जीव जडलाय. सुटे भाग सहजी मिळत नाहीत, म्हणून आहेत तेच साफ करायचे. इथवर ठीक. पण परवा फोनवर म्हणाला, "आत्या, संडास धुवायचं अ‍ॅसिड आणलंय. तासाभरात चकाचक!"

मी बी. ए. मराठीवाली, जन्मभर व्याकरण शिकवलं. पण भावाची खटपट जवळून पाहिली आहे, त्यामुळे गप्प बसवेना. ते अ‍ॅसिड गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं. त्याच्या वाफेने खोलीतली इतर हत्यारंसुद्धा गंजतात, मग माणसाच्या छातीचं काय? चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू. आणि त्या घरात पाच वर्षांची पोर बागडते!

त्यापेक्षा वाण्याकडचं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड घ्यावं. लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. आधी भागावरचं तेल-ग्रीस साबणाने धुवावं, नाहीतर पाणी गंजापर्यंत पोचतच नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत काही तास बुडवून ठेवावं, अधूनमधून काढून ब्रशने घासावं. गंज सुटला की बाहेर काढावं. विसरून दोन-दोन दिवस ठेवू नये. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडं करून लगेच तेलाचा हात द्यावा. उघडं लोखंड ओलं राहिलं तर बघता बघता पुन्हा तांबूस होतं.

ग्राइंडर हाही घाईचाच भाऊ. गंजाचे पापुद्रे फुगून जाड दिसतात, पण त्यात लोखंड थोडंच गेलेलं असतं. ग्राइंडर मात्र उरलेलंही खरवडून नेतो.

काही भाग या बादलीत घालूच नयेत. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा अ‍ॅसिडमध्ये खराब होतो. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल बोल्ट यांच्या कडक पोलादात अ‍ॅसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि दिसायला धडधाकट बोल्ट पुढे ताण आला की अचानक तुटतो. त्यांना तारेचा ब्रश आणि थोडं तेल पुरे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे दांडे यांवर गंज निघाल्यावर खड्डे दिसले, तर ते भंगारात द्यावेत. वर रंग फासून पुन्हा बसवणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! भाच्याला म्हटलं, वडिलांची आठवण म्हणून जुनी नळी हवी तर कपाटात ठेव, गाडीत नको. थोडा हिरमुसला, पण पटलं असावं. अ‍ॅसिडची बाटली त्याने त्याच दिवशी पोरीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली.

घाटात पाट्या असतात ना, 'अति घाई संकटात नेई'? ती पाटी गॅरेजातही लावावी. दाराचे कब्जे, जॅक, नटबोल्ट हौसेने वाचवावेत. त्यात पैसाही वाचतो आणि जुन्या वस्तूचा मानही राहतो. पण ज्या भागावर माणसाचा जीव टांगलेला असतो, तिथे माया आडवी येऊ देऊ नये. कुठला भाग राखायचा आणि कुठला सोडायचा हे कळणं, हीच खरी दुरुस्ती. असो.