प्रत्यारोपणानंतरचा ताप : अंदाज नको, निदान हवे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात कोणाला ताप आला की प्रथम मलेरियाची शंका येते. गडचिरोली जिल्ह्यावर मलेरियाचा मोठा भार असल्याने ती रास्तच आहे. डोळे पिवळे दिसल्यास सिकलसेलची आठवण होते. तीही या भागात योग्यच. परंतु ज्या घरात यकृत-प्रत्यारोपण झालेले बालक आहे, तेथील आजी-आजोबांनी या दोन लक्षणांकडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे.

भारतातील बालकावरचे पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झाले. पित्तवाहिन्यांच्या जन्मजात विकाराने ग्रासलेल्या त्या बालकाला वडिलांच्या यकृताचा भाग बसविण्यात आला. आजही बालकांतील प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण हाच विकार आहे.

नवे यकृत शरीराला परके वाटते. म्हणून रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारी टॅक्रोलिमससारखी औषधे दीर्घकाळ, बहुधा आयुष्यभर, घ्यावी लागतात. ती कमी पडली, तर शरीर यकृतावरच हल्ला चढविते. यालाच डॉक्टर रिजेक्शन म्हणतात. ती अधिक झाली, तर जंतुसंसर्गाला वाट मिळते. ताप, मलूलपणा, मंदावलेली भूक, कावीळ ही लक्षणे दोन्हींत दिसू शकतात. उपचार मात्र परस्परविरुद्ध असतात. रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते, तर गंभीर संसर्गात तो दाब अनेकदा सैल करावा लागतो. म्हणून येथे अंदाजाने औषध देणे घातक ठरते.

निदान पायरीपायरीने होते. यकृताच्या रक्तचाचण्या, टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी, विषाणूंच्या चाचण्या आणि यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी यांवरून दिशा कळते. रिजेक्शनची खात्री मात्र सामान्यतः यकृताचा सूक्ष्म तुकडा तपासूनच, म्हणजे बायोप्सीने, होते. कधी नव्या यकृतात स्वप्रतिकारक दाहही उद्भवतो. तोही बायोप्सी व प्रतिपिंडांच्या चाचण्यांतून ओळखला जातो. एपस्टाइन-बार विषाणूमुळे लसिका-पेशींची अनिर्बंध वाढ होऊ शकते. मानेतील गाठी, वाढलेले टॉन्सिल, नव्याने सुरू झालेले घोरणे, घटणारे वजन या तिच्या खुणा असू शकतात. काही मुलांत अन्नाची ॲलर्जीही प्रत्यारोपणानंतर प्रथमच प्रकट होते.

या निदानात घरच्यांचा वाटा मोठा असतो. एका वहीत औषधाची वेळ, ताप, वजन, लघवी व शौचाचा रंग तारखेनिशी लिहून ठेवावा. टॅक्रोलिमसच्या पातळीसाठी रक्त सकाळच्या मात्रेपूर्वी द्यावयाचे असते. त्या दिवशी मात्रा सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर ती बालकास द्यावी. अन्यथा आकडा फसवा येतो. उलटी किंवा जुलाब झाल्यास तत्काळ कळवावे, कारण त्यांनी औषधाची पातळी बदलते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती घटते; एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी वाढते. म्हणून विचारल्यावाचून कोणतेही नवे औषध वा जडीबुटी देऊ नये.

भामरागड, सिरोंच्यासारख्या तालुक्यांतून नागपूर गाठण्यातच दिवस जातो. म्हणून ताप येताच जवळच्या आरोग्य केंद्रात मलेरियाची तपासणी अवश्य करावी, तेथे प्रत्यारोपणाची माहिती आणि औषधांची यादी दाखवावी आणि त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला दूरध्वनी करावा. तपासणीत मलेरिया निघाला तरी तो कळवावा, कारण एक आजार सापडल्याने दुसरा नाही असे ठरत नाही. कित्येकदा रिजेक्शन कोणतेही लक्षण न दाखविता केवळ रक्तचाचणीत आढळते. यास्तव मूल हसतखेळत असले, शेतीची कामे तोंडावर आली, तरी ठरलेली तपासणी चुकवू नये.