संरक्षण-संशोधन आणि कुलूपबंद प्रबंध

लेसर, संवेदक, रडारलहरी शोषणारे लेप असे विषय पदार्थविज्ञान विभागात आले, की काहीजण नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. दौलतसिंग कोठारी १९४८ मध्ये संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. तरी अणुस्फोटांच्या परिणामांवरचे त्यांचे पुस्तक १९५६ मध्ये उघडपणे प्रसिद्ध झाले. देशकार्य आणि खुले ज्ञान एकत्र नांदू शकतात, ते असे.

आपल्या हुबळी-धारवाडच्या विद्यार्थ्यांनी पुण्याच्या गिरिनगरातील संरक्षण-तंत्रज्ञान संस्थेत शिकायला जरूर जावे. विद्यापीठांनी मात्र एक अट पाळावी: विद्यार्थ्याचा प्रबंध कुलुपात जाऊ नये. जो कोणी वाचायचाच नाही, त्यातील चूक दाखवणार कोण? आणि त्या विद्यार्थ्याने पुढे नोकरीसाठी दाखवायचे तरी काय?