कल्पना कामगाराची, मालकी कुणाची?

‘आमची माणसं नवा विचारच करत नाहीत,’ ही व्यवस्थापनाची तक्रार मी गेली अठरा वर्षे ऐकतो आहे. चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. मीटिंग कोणतीही असो, चहाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत हे वाक्य येतेच. आता या दुखण्यावर औषध सापडले आहे असे सांगितले जाते. ते म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, अर्थात एआय. कर्मचाऱ्याने कल्पना सांगायची, एआयने बाजाराचा अंदाज, खर्चाचा हिशेब आणि सादरीकरण तयार करायला मदत करायची, आणि त्यातून निवडलेल्या कल्पनांवर कंपनीने नवा व्यवसाय उभा करायचा. अशा स्पर्धा आता आमच्यासारख्या मध्यम कारखान्यांतही होऊ लागल्या आहेत.

मी या उपक्रमाच्या बाजूचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे वाचून कुणाला मी यंत्राचा विरोधक वाटेन. माझे म्हणणे इतकेच की आमच्या कारखान्यांत कल्पनांची टंचाई कधी नव्हतीच. त्या ज्यांच्या डोक्यात येतात त्यांना विचारायची पद्धत नव्हती, आणि कल्पना दिल्यावर त्यांच्या पदरात काय पडणार हे कुणी लिहून देत नव्हते. एआय आल्यावरही या दोन गोष्टी जशाच्या तशा राहिल्या, तर या स्पर्धांतून चकचकीत सादरीकरणांपलीकडे फारसे काही निघणार नाही.

नोकरीत राहून नवा उद्योग उभा करणाऱ्या माणसासाठी ‘इन्ट्राप्रेनर’ हा शब्द गिफर्ड आणि एलिझाबेथ पिंचो या अमेरिकी दांपत्याने १९७८ मध्ये रूढ केला. प्रथा त्याहून जुनी आहे. थ्रीएम कंपनीने १९४८ पासूनच आपल्या तंत्रज्ञांना १५ टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या कामावर घालवायची मुभा दिली होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये एक असा गोंद सापडला, जो चिकटे पण सहज सुटून येई. त्याचे करायचे काय, हे कुणालाच कळेना. त्याच कंपनीतले आर्ट फ्राय चर्चच्या गायनवृंदात गात. गाण्यांच्या पुस्तकात खुणेसाठी ठेवलेले कागदाचे कपटे सारखे खाली पडत. १९७४ मध्ये त्यांना सिल्व्हर यांचा गोंद आठवला. पुढे १९८० मध्ये पोस्ट-इट या नावाने त्या चिठ्ठ्या अमेरिकेत सगळीकडे विक्रीला आल्या. गोंदापासून बाजारापर्यंत बारा वर्षे गेली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की गोंद एकाकडे होता, अडचण दुसऱ्याची होती, आणि दोघांची गाठ पडायला बराच काळ जावा लागला.

एआयचा खरा उपयोग इथेच आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतल्या ७७६ व्यावसायिकांवर केलेला एक प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जण एकटे, काही जण दोघांच्या जोडीने. काहींच्या हाती एआय, काहींच्या नाही. आणि काम म्हणजे कंपनीसाठी नव्या उत्पादनांच्या कल्पना काढणे. एआय घेऊन बसलेला एकटा माणूस एआय नसलेल्या जोडीच्या तोडीचे काम करून गेला, ही गोष्ट वर्तमानपत्रांत गाजली. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली. एआय नसताना संशोधन विभागाची माणसे तांत्रिक कल्पना देत आणि व्यापार विभागाची माणसे विक्रीच्या अंगाने विचार करत. एआय हाती आल्यावर हा फरक जवळपास मिटला. दोन खात्यांमधली भिंत खाली आली म्हणा ना.

आता ही भिंत आमच्याकडे कुठे असते ते सांगतो. आमचा माल प्लास्टिकच्या क्रेटमधून गिऱ्हाइकाकडे जातो आणि रिकामे क्रेट तेलकट होऊन परत येतात. ते धुवायला एक वॉशिंग मशीन आहे. डिस्पॅचमध्ये एक कंत्राटी कामगार आहेत, पन्नाशीचे, दहावीपर्यंत शिकलेले, मूळचे मराठवाड्यातले. सगळे त्यांना मामा म्हणतात. एकदा क्रेट मोजता मोजता ते म्हणाले, ‘‘साहेब, आपलं मशीन दुपारच्यानंतर बंदच असतंय. शेजारच्या तीन-चार युनिटचे क्रेट हातानं धुत्यात. त्यांचे आपण धुऊन दिले तर?’’

नव्या व्यवसायाची कल्पना म्हणजे याहून वेगळे काय असते? पण ती कागदावर आणायची तर इंग्रजीत फॉर्म, एक्सेलची शीट, आठ-दहा स्लाइड. मामा तिथेच थांबले असते. मी त्यांना म्हटले, ‘‘मामा, तुम्ही फोनला मराठीत सांगा, बाकी बघू.’’ त्यांनी सांगितले. एआयने उलट प्रश्न विचारले. दिवसाला किती क्रेट, पाणी किती, साबण किती, वाहतूक कुणाची, तेलकट पाणी जाणार कुठे? शेवटच्या प्रश्नाने मीही थबकलो. आमची सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बाहेरच्या क्रेटचा भार पेलेल का आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ते बसते का, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येणार नव्हते.

मग त्याने हिशेब मांडला, तासाला दोनशे क्रेट धरून. आकडा असा छातीठोकपणे लिहिला होता की एखाद्या व्यवस्थापकाने तो तसाच पुढे ढकलला असता. मामा हसले. म्हणाले, ‘‘अर्ध्या क्रेटला स्टिकर असत्यात. ते आधी खरवडावं लागत्यात. तासाला नव्वद झाले तर लई झाले.’’ (सिल्व्हर साहेबांचा सुटणारा गोंद स्टिकरवाल्यांपर्यंत अजून पोहोचलेला दिसत नाही.) नव्वदचा आकडा घालून हिशेब पुन्हा केला तेव्हा नफा बराच घटला, पण उरला. दोनशेचा आकडा चुकीचा आहे हे ओळखायला ज्याने क्रेट खरवडले आहेत तोच माणूस लागतो. म्हणूनच या उपक्रमात एआय फक्त लॅपटॉपवाल्यांच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसले होते की एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या कथा एकेकट्या वाचल्या तर सरस वाटतात, पण त्या एकमेकींसारख्या होत जातात. ऑफिसात बसलेली पन्नास माणसे एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारतील, तर धंद्याच्या कल्पनांचेही तेच होईल. वेगळेपण येते ते मामांच्या स्टिकरमधून.

पण स्पर्धेच्या फॉर्मवर पहिलाच रकाना होता कर्मचारी क्रमांकाचा. कंत्राटी माणसाला तो नसतो, ठेकेदाराचे हजेरीकार्ड असते. ‘‘सुपरवायझरच्या नावानं टाका, काम झाल्याशी मतलब,’’ असा सल्ला मिळाला. मामांनी नकार दिला. तो त्यांचा हक्क होता आणि मला तो योग्य वाटतो.

कायदा मामांना मदत करील का? फारशी नाही. कर्मचाऱ्याने लावलेल्या शोधाचे काय करायचे, याबद्दल आपला १९७० चा पेटंट कायदा गप्प आहे. सगळे नोकरीच्या करारावर सोडलेले. शिवाय त्याच कायद्याच्या कलम ३(के) नुसार व्यवसायपद्धतीला पेटंटच मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की नोकरीत असताना त्या कामासाठी केलेल्या लिखाणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच. म्हणजे क्रेट धुण्याच्या कल्पनेला कंपनीच्या लेखी शब्दाखेरीज कुठलेच कवच नाही. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या शोधांसाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि कंपनीने शोध घेतला तर मोबदला द्यावाच लागतो.

लेखी शब्द नसला की काय होते याचे मोठे उदाहरण जपानमध्ये आहे. निचिया कंपनीतले शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळा एलईडी बनवून दाखवला. आज घराघरांत असलेले पांढरे एलईडी दिवे त्याच्यामुळे शक्य झाले. कंपनीने त्यांना बक्षीस दिले २० हजार येन. नोकरी सोडल्यावर ते न्यायालयात गेले. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २० अब्ज येन द्यायचा आदेश दिला, आणि पुढच्या वर्षी सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. नाकामुरांना न्यायालयाची पायरी चढता आली. आमच्याकडे कायझेन शीट भरणाऱ्याला स्टीलचा डबा आणि टाळ्या मिळतात, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही.

त्याहून अवघड प्रश्न भीतीचा आहे. शॉपफ्लोअरवरचा माणूस कल्पना दाबून ठेवतो तो आळसापायी नाही. मागच्या सुधारणेत शेजारच्या मशीनवरची दोन माणसे ‘कमी झाली’ हे त्याने पाहिलेले असते. एआयचे नाव घेतले की ही भीती दुप्पट होते. तुमच्या सूचनेमुळे कुणाचे काम जाणार नाही, उरलेले हात नव्या कामाला लावू, असे जोवर फलकावर सहीनिशी लागत नाही, तोवर फोन कितीही मराठी समजो, माणसे बोलणार नाहीत. आणि खोटे का बोला, त्यांच्या जागी मीही बोललो नसतो.

पैशाची गोष्ट वाटते तेवढी मोठी नाही. ॲडोबी कंपनीने २०१३ मध्ये किकबॉक्स नावाची योजना काढली. मागेल त्या कर्मचाऱ्याला लाल खोका मिळे, त्यात कल्पना तपासायच्या पायऱ्या आणि १००० डॉलरचे कार्ड. खर्च करायला साहेबाची परवानगी लागत नसे. आमच्यासारख्या कारखान्याला हजार डॉलर नको, दहा हजार रुपये पुरतील. पण ड्युटी संपल्यावर थांबायला लावू नका, शिफ्टमधला एक तास द्या. एआयचे साधनही कंपनीनेच द्यावे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या अभियंत्यांनी गोपनीय मजकूर चॅटजीपीटीत टाकल्यावर कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली होती. तसे इथे झाले तर खापर खालच्या माणसावर फुटेल.

मामांच्या प्रस्तावावर त्यांचेच नाव असावे आणि क्रेट धुण्याचे काम सुरू झाले तर पहिल्या वर्षीच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा त्यांना मिळावा, ठेकेदार बदलला तरीही, असे पत्र आम्ही चौघांनी व्यवस्थापनाला दिले आहे. हिस्सा किती, ते आम्ही मुद्दाम रिकामे ठेवले आहे. मामा म्हणतात दोन टक्के. मी पाच म्हणतो.